कॅन्सरची गोष्ट गावात कशी सांगायची? गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातले कर्करोग-शिक्षण

'तंबाखू खाता का?' असा प्रश्न गडचिरोलीच्या एखाद्या गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारला, तर ती सहज 'नाही' म्हणू शकते. ती खोटे बोलत नसते. ती सकाळ-संध्याकाळ गुडाखूने दात घासते, आणि तिच्या लेखी गुडाखू म्हणजे मंजन. त्यात गुळाबरोबर तंबाखू आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते, किंवा सांगितले असले तरी तिला कळेल अशा बोलीत सांगितलेले नसते. अर्जावर 'तंबाखू : नाही' अशी खूण होते आणि तिच्या तोंडात बॅटरी मारून कोणी बघत नाही.

हा छोटासा घोटाळा म्हणजेच या लेखाचा विषय. कर्करोगाविषयीची माहिती बरोबर असूनही चालत नाही, कारण ती ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या रोजच्या जगण्याला धरून आणि त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून येत नाही. ती तशी यावी यासाठी केलेल्या प्रयत्नांना सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत 'सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील आरोग्यशिक्षण' असे लांबलचक नाव आहे. अमेरिकेत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांसाठी यावर बरेच काम झाले आहे. आपल्याकडे हाच प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत फार ठळकपणे दिसतो. इथे मात्र गावकरी बाहेरून आलेले नाहीत. बाहेरून येतो तो दवाखाना.

जिल्हे दोन, भाषा अनेक

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या 10 लाख 73 हजारांच्या आसपास होती आणि त्यांपैकी सुमारे 39 टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14 हजार चौरस किलोमीटरांहून जास्त आणि त्याचा बहुतेक भाग जंगल. म्हणजे माणसे थोडी, अंतरे मोठी.

वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी या बाजूला झाडीबोली बोलली जाते. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे गोंडी आणि माडिया. सिरोंच्यात तेलुगू. छत्तीसगडच्या सीमेला लागून छत्तीसगडी. मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत आणि चंद्रपूरच्या काही भागांत बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, तिथे बंगाली. मुंबई-पुण्यात छापलेले एकच मराठी पत्रक या सगळ्यांना पुरेल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

गोंडीची अडचण आणखी वेगळी. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 29 लाख 80 हजार लोकांनी गोंडी आपली मातृभाषा असल्याचे नोंदवले. पण ती महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत लिहितात, आणि तिच्या स्वतंत्र लिप्याही आहेत. बहुतेक शाळांत ती शिकवली जात नाही, त्यामुळे गोंडी बोलणाऱ्याला गोंडी वाचता येईलच असे नाही. पत्रक गोंडीत भाषांतर करून छापले म्हणजे काम झाले, असे इथे म्हणता येत नाही. ही ऐकण्याची आणि बोलण्याची भाषा आहे. माहितीही बोलूनच द्यावी लागते.

खर्रा: पाकीट नसलेला तंबाखू

भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे आणि त्याचे मुख्य कारण धूर नव्हे, तर चघळायचा तंबाखू आणि सुपारी हे आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के होते. तोंडात धरायचा, चघळायचा किंवा घासायचा तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. म्हणून 'धूम्रपान आरोग्यास घातक' ही पाटी आपल्या राज्यापुरती तरी नेम चुकलेली आहे.

पूर्व विदर्भात या धूरविरहित तंबाखूचे प्रमुख रूप खर्रा. बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर टाकून घोटघोट घोटतात आणि त्याच पन्नीत पुडी बांधून देतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या माव्याचा हा सख्खा भाऊ. चिमूटभर तोंडात टाकायचा, गालफडात धरून ठेवायचा, पुडी शेजारच्यापुढे करायची. तेंदूपत्त्याच्या फळीवर, रोवण्याच्या बांधीत, कचेरीच्या व्हरांड्यात, सगळीकडे. याशिवाय गुडाखू, आणि तंबाखू जाळून-कुटून केलेली नस. या दोन्ही बहुतेक बायकांच्या वापरात असतात आणि 'व्यसन' या शब्दात त्या बसत नाहीत.

सरकारी इशारे खर्ऱ्यापर्यंत पोहोचत का नाहीत, याचे उत्तर त्या पन्नीतच आहे. एप्रिल 2016 पासून तंबाखूच्या पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्रासह इशारा छापणे बंधनकारक आहे. खर्ऱ्याला पाकीटच नाही. तो टपरीवर डोळ्यांदेखत घोटून मिळतो, पारदर्शक पन्नीत, एकाही अक्षराशिवाय. थिएटरमध्ये सिनेमाआधी लागणारी जाहिरात ज्या गावात थिएटर नाही तिथे लागत नाही. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर आणि त्यानंतर सुगंधित तंबाखू-सुपारीवरही बंदी घातली. टपरीवरचा खर्रा चालूच आहे.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा. 'खर्रा म्हणजे तिकडच्या लोकांची संस्कृतीच' असे शहरात सर्रास म्हटले जाते. सुपारीचे झाड या जंगलात होत नाही. सुपारी कोकणातून, कर्नाटक-केरळातून, आसामकडून व्यापाऱ्यामार्फत येते, आणि प्लास्टिकची पन्नी तर कारखान्यातूनच. मोहाच्या दारूला गोंड-माडियांच्या पूजाविधीत स्थान आहे. तिच्याविषयी बोलताना ते भान ठेवावे लागते. खर्ऱ्याला असे कोणतेही स्थान नाही. तो बाजारातून आलेला माल आहे. शिकवणाऱ्याने हा फरक ओळखला, तर 'तुमच्या चालीरीती सोडा' असे म्हणण्याची वेळ येत नाही. 'ही बाहेरून आलेली वस्तू आहे, तिच्यावर घरातला पैसा जातो आणि तोंड बंद पडते' एवढे सांगता येते, आणि ते खरेही आहे.

आजार कसा सुरू होतो

सुरुवात बहुधा झोंबण्याने होते. नेहमीची तिखट भाजी खाल्ली तरी तोंडाची आग होते. मग गालाच्या आतली कातडी पांढरट, कडक, दोरीसारखी लागते. हळूहळू तोंड उघडेनासे होते. या स्थितीला डॉक्टर 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. तिचे मूळ मुख्यतः सुपारीत आहे. सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, माणसाला कर्करोग करते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला. 'मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो' या बचावात म्हणून काही अर्थ उरत नाही.

तोंड किती उघडते ते कोणालाही तपासता येते. आपल्याच हाताची तीन बोटे जोडून, उभी करून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. जात नसतील तर डॉक्टरला दाखवायचे. दुसरी खूण म्हणजे पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. लाल चट्टा जास्त धोक्याचा. तिसरी, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा छाला. कारण नसताना दात हलू लागणे, गिळताना अडकणे, मानेत गाठ येणे ही पुढची लक्षणे. आरसा आणि उजेड असला की ही तपासणी घरच्या घरी दोन मिनिटांत होते.

घात होतो तो वेगळ्या ठिकाणी. सुरुवातीचा चट्टा किंवा गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. अंगमेहनतीची कामे करणाऱ्या माणसाच्या हिशोबात जे दुखत नाही तो आजार नाही. ताप आला, पाय मोडला, साप चावला की माणूस धावपळ करतो. गालातल्या न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून कोणी तालुक्याला जात नाही. हे अज्ञान म्हणता येणार नाही. त्याच्या आतापर्यंतच्या अनुभवातून निघालेला हा हिशोब आहे आणि इतर बहुतेक दुखण्यांना तो लागूही पडतो. कर्करोगाला लागू पडत नाही. शिक्षणाचे अर्धे काम एवढेच आहे: 'दुखत नाही म्हणूनच दाखवा' हे उलटे वाटणारे वाक्य पटवून देणे.

मग जे उशिरा पोहोचतात ते बहुतेक दगावतात, आणि गावाच्या आठवणीत तेवढेच राहते. 'अमक्याला नागपूरला नेले, चिरफाड केली आणि तो गेला.' त्यातून 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही समजूत पक्की होते. ती केवळ आदिवासी भागात नाही, पुण्या-मुंबईतही भेटते. तिला 'अंधश्रद्धा' म्हणून झटकले तर संवाद तिथेच संपतो. कारण समोरच्याने तसे घडताना खरोखर पाहिलेले असते, फक्त कारण चुकीचे जोडलेले असते. 'तो सुरीमुळे गेला नाही. गाठ मानेत उतरल्यावर नेला म्हणून गेला' असे सांगावे लागते, आणि शक्य असेल तर त्याच भागातला लवकर नेलेला, बरा झालेला माणूस समोर आणावा लागतो.

शब्द कोणते?

'कर्करोग' हा शब्द संस्कृतातून आला. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनीही या आजाराला खेकड्याचेच नाव दिले होते. छापील मराठीत शब्द रुळला, बोलण्यात मात्र सगळीकडे 'कॅन्सर'च. जंगलपट्ट्यातही कॅन्सर हाच शब्द वापरणे बरे, असे मला वाटते. त्याला गोंडी प्रतिशब्द घडवण्याच्या भानगडीत पडू नये. या भागात सिकलसेलचा आजार बराच आहे, आणि तपासण्या व कार्डांमुळे 'सिकलसेल' हा परका शब्द लोकांच्या तोंडी बसला. परका शब्द शिकणे अवघड नसते. त्या शब्दाला मरणाशिवाय दुसरा अर्थही आहे, हे पटणे अवघड असते.

शरीराच्या अवयवांबाबत मात्र उलटे. तिथे लोकांचेच शब्द हवेत. 'गर्भाशयमुखाचा कर्करोग' असे म्हटले की शिकलेली बाईसुद्धा क्षणभर थांबते. 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हटले की कळते. 'योनिमार्गातून असामान्य स्राव' कोणाला बोध करत नाही. 'अंगावरून पांढरे जाणे' सगळ्यांना माहीत आहे. डॉ. राणी बंग यांचे 'कानोसा' हे पुस्तक गडचिरोलीतल्या बायका आपल्या शरीराविषयी आणि आजारांविषयी काय समजतात, कसे बोलतात, हे ऐकून लिहिलेले आहे. आधी कान द्यायचा आणि मग तोंड उघडायचे, असा त्यांच्या कामाचा क्रम होता.

बीडी, खर्रा, नस, गुडाखू ही नावे एकेक करून विचारणे हाही शब्दांचाच भाग. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई एका तपासयादीत भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. तो छापील शब्दांत विचारायचा की स्थानिक नावांनी, यावर पहिल्या परिच्छेदातल्या आजीचे पुढचे सगळे ठरते.

कोण सांगते, कुठे, आणि कोणत्या महिन्यात

अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक वस्त्यांमध्ये 'प्रोमोतोरा' नावाच्या आरोग्य कार्यकर्त्या असतात. त्याच वस्तीतल्या, तीच भाषा बोलणाऱ्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका. घराच्या ओट्यावर, चर्चच्या आवारात, स्वयंपाकघरात बसून त्या स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीविषयी बोलतात. 'जे देवाने लिहिले ते होणार' या भावनेशी त्या वाद घालत नाहीत; देवावरचा विश्वास आणि तपासणी दोन्ही चालतील, असे सांगतात. फोटो आणि संवादांच्या चित्रकथाही त्यांच्या हाती असतात.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत 'आरोग्यदूत' तयार केले आणि गावातल्याच बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्यास बालमृत्यू घटतात हे दाखवले. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच संस्थेचा दवाखाना उभारताना आदिवासींना विचारले गेले की दवाखान्याची भीती का वाटते. मोठ्या इमारती, पांढरे कपडे, नातेवाइकांना राहायला जागा नाही, अशी उत्तरे आली. म्हणून शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले. कर्करोगाशी याचा थेट संबंध नाही. पण ज्या दवाखान्यात माणूस पाय ठेवायला धजत नाही, तिथल्या तपासणीचा प्रचार करून काय होणार?

भामरागड तालुक्यात हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. पुजाऱ्याकडून गुण न आलेले रुग्ण त्यांच्याकडे आले, बरे झाले, आणि विश्वास तिथून वाढला. आजही अनेक गावांत पहिला सल्ला पुजाऱ्याचा किंवा वैदूचा असतो. त्याला शत्रू मानणारा आरोग्य कर्मचारी हरतो. त्याला तोंडातला चट्टा कसा ओळखायचा हे शिकवले आणि 'पूजा करा, पण पंधरा दिवसांत भरले नाही तर दवाखान्यात पाठवा' एवढे त्याने मान्य केले, तर गावात तपासणारा एक माणूस वाढतो.

गावाचा निर्णय होण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यास गटात विषय चघळला जातो. अशा गावात भाषण ठोकून निघून जाणारा वक्ता निरुपयोगी. दोन-तीन बैठका लागतात, प्रश्न यावे लागतात. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली ती गावोगावच्या लोकांच्या आणि विशेषतः बायकांच्या आंदोलनानंतर. 2016 पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि 'सर्च' यांनी मिळून चालवलेला 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखूविरोधी उपक्रमही गाव संघटनांवरच उभा आहे. गावाने ठरवले तर टपरीवरचा खर्रा बंद होतो. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी तालुक्यांच्या ठिकाणी क्लिनिकही घेतले जातात. हे दुसरे अंग विसरता येत नाही, कारण तलफ व्याख्यानाने जात नाही.

आणि महिना. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता, जूनपासून धानाची शेती. या काळात शिबिर लावून 'लोक येत नाहीत' म्हणणे हा आयोजकांचा दोष. धान घरात आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, लोकांना वेळ असतो, आणि तोच झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचे केंद्र. तिथल्या कंपन्यांची नाटके गावोगाव रात्रभर चालतात आणि आसपासच्या खेड्यांतून लोक येतात. या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. नवऱ्याच्या व्यसनाने मोडलेले घर हा विषय या प्रेक्षकाला परका नाही; तोंड उघडेनासा झालेला नायक त्यात सहज बसेल. मंडपाबाहेरच्या टपऱ्यांवर त्याच रात्री खर्रा घोटला जात असतो, ही गोष्ट वेगळी. किंवा वेगळी नाहीच.

चिमूर-ब्रह्मपुरीच्या बाजूला तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची परंपरा जिवंत आहे आणि व्यसनाविरुद्ध बोलणे तिच्यात पहिल्यापासून आहे. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा. जिथे लोक आपणहून जमतात तिथे बॅटरी घेऊन बसलेला एक दंतवैद्य जे करू शकतो, ते दहा फलकांना जमत नाही.

बायकांच्या बाबतीत

राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या 8 टक्के. हा अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन दशकांनंतरचे देशाचे चित्र बघा: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया दोन टक्क्यांहून कमी आढळल्या.

लाज हे एक कारण. तपासणारा पुरुष असणे, पडदा नसणे, बाहेर रांगेत गावातलेच पुरुष असणे. काही माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात वेगळी राहते. शिबिराच्या दिवशी ती तिथे असेल तर येणार नाही, आणि यादीत 'गैरहजर' म्हणून राहील. गावातली कार्यकर्ती हे न विचारता जाणते आणि तिला पुढच्या तारखेला आणते. शिवाय पाळीत तपासणी टाळायचीच असते. एचपीव्ही विषाणूच्या चाचणीसाठी नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अशा पद्धतीला मान्यता दिली आहे. लाजेचा प्रश्न असलेल्या ठिकाणी हा मार्ग विशेष उपयोगी.

पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधी येणारे पाणी जाणे, स्तनात गाठ किंवा कातडी ओढली जाणे, बोंडातून रक्त येणे: यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. हे बायका बायकांत, बंद दाराआड सांगायचे असते.

महाराष्ट्राचा स्वतःचा पुरावा

अशा शिक्षणाचा खरेच उपयोग होतो का? उत्तर शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. बार्शीला 1987 मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावातले रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते, म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले आणि नोंदीसोबत लक्षणांविषयी बोलू लागले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. फक्त गावात जाऊन बोलणे होते.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत स्थानिक बायकांना शिकवून व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तोंडाच्या कर्करोगासाठी पुरावा केरळचा आहे: तिरुवनंतपुरम जिल्ह्यात कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

चट्टा सापडला. पुढे?

इथेच बहुतेक मोहिमा लंगड्या पडतात. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास, नागपूर त्याच्या दुप्पट. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ज्याला चट्टा दाखवला, घाबरवले आणि पुढचा रस्ता सांगितला नाही, त्याला आधी होते त्याहून वाईट स्थितीत सोडलेले असते. तो माणूस पुढच्या शिबिराला येत नाही आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

रस्ता असा आहे. उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी तोंड बघतात. संशय आल्यास ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाकडे, तिथून गडचिरोलीच्या किंवा चंद्रपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. तुकडा काढून तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे ठरत नाही, आणि तुकडा काढल्याने तो पसरत नाही. हे वाक्य रुग्णाला नव्हे, त्याच्या सोबत आलेल्या भावाला किंवा सासऱ्यालाही सांगावे लागते, कारण निर्णय त्यांच्यात होतो. पुढच्या उपचारांसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. चंद्रपुरातही टाटा ट्रस्टच्या सहभागाने कर्करोग रुग्णालयाचे काम हाती घेण्यात आले.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात गेल्यास 'आरोग्यमित्र' कागदपत्रांचे काम बघतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो यांचा खर्च योजनेत बसतो. सोबत्याचे खाणे, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि घरी बांधलेली बैलजोडी हे मात्र योजनेत नसते. किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. हे आधीच स्पष्ट सांगितले, रोवणी संपल्यावर सुरू करता येईल का ते डॉक्टरांना विचारले, गावातून आळीपाळीने सोबती ठरवले, तर रुग्ण उपचार अर्धवट टाकून परतण्याची शक्यता कमी होते. रोवणीसाठी किती दिवस थांबता येईल आणि किती दिवस अजिबात नाही, हे डॉक्टरनेच सांगायचे असते, तारखेसकट. 'लवकर या' या शब्दाला एटापल्लीत आणि नागपुरात वेगळे अर्थ आहेत.